जावईबापूंसाठी पाडलेलं स्टेशन

माझे बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजू उचलून पाहिले, किलोच्या वजनांच्या बुडाशी बसवलेलं शिसं नखाने खरवडलं आणि कापडवाल्यांच्या झिजलेल्या मीटरपट्ट्या जप्त केल्या. ते कोपऱ्यावर दिसले की अख्ख्या रस्त्यावरचे दुकानदार फडकं घेऊन काटे पुसायला लागत. निवृत्त झाले तरी सवय काही सुटली नाही. भिंतीवरची तसबीर अर्ध्या बोटाने कलली असली तर त्यांना घास उतरत नसे. आई होती तेव्हा आल्यागेल्याला सांगायची, "यांनी मला पसंत कसं केलं कोण जाणे, माझा एक खांदा खाली आहे." बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "डावा. पाऊण इंच."

घरातल्या मागच्या खोलीत त्यांची रेल्वे होती. आठ फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी, तिच्यावर रूळ, एक स्टेशन, एक लोखंडी पूल, बोगदा, पाण्याची टाकी, गावातली अकरा घरं आणि काड्यांना रंगवलेला भुसा चिकटवून केलेली एकशे चाळीस झाडं. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकं, ना एक केस जास्त, ना एक केस कमी. रविवारी दुपारी वीस मिनिटं गाडी धावायची. आम्ही दोघी बहिणींनी ती दारात उभं राहून बघायची. आत पाऊल टाकायचं नाही, कशाला बोट लावायचं नाही.

धाकटीला त्या गाडीचं काडीचंही कौतुक नव्हतं. पाच मिनिटांत ती खेळायला पळायची. मी मात्र वीसच्या वीस मिनिटं उभी असायची. नऊ वर्षांची असताना एकदा बाबा घरी नसताना मी आत गेले आणि स्टेशनजवळचं एक झाड उचलून पाहिलं. परत होतं तिथेच ठेवलं, निदान मला तसं वाटलं. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी ते झाड अर्धा सेंटिमीटर डावीकडे सरकवलं आणि महिनाभर खोलीला कुलूप घातलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आज मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही, बाबांजवळच राहते आणि दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. प्लास्टर कालवायचं, साचे काढायचे, मेणात दात बसवायचे, घासायचे, चमकवायचे. पाव मिलिमीटरचा उंचवटा मला डोळे मिटून बोटाला कळतो. हा गुण कुठून आला ते सांगायला नको, पण ज्यांच्याकडून आला त्यांनी कधी तो माझ्यात पाहिला नाही. एकदा बाबा छत्री द्यायला म्हणून प्रयोगशाळेत आले होते. माझ्या बाकावरची तयार कवळी त्यांनी उचलली, दिव्याखाली फिरवली, "उजवी मागची दाढ उंच आहे," म्हणाले, आणि बसचा थांबा कुठे आहे ते विचारून निघून गेले. मी तपासलं. दाढ खरंच उंच होती, म्हणून तर जास्त लागलं.

एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी, की पुढे जे झालं त्यात माझं वागणं चांगलं नव्हतं, आणि ते का चांगलं नव्हतं हे ऐकणाऱ्याला आधी कळलेलं बरं.

धाकटीचा नवरा सोफ्यांच्या दुकानात विक्रेता आहे. दिवसभर लोकांना बसवतो आणि कसं वाटतंय ते विचारतो. गोड बोलतो, भरभर बोलतो, आणि बोलता बोलता समोरची प्रत्येक वस्तू उचलून पाहतो. त्याला एक नाद आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक रंगवायचे आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी एका क्लबात जाऊन टेबलावर लढाया खेळायच्या. फासे टाकून, टेपने अंतर मोजून. चाळिशी उलटलेला माणूस, पण सैनिकांच्या गोष्टी सांगायला लागला की सातवीतला वाटतो. धाकटी त्याला हसते आणि त्याचे सैनिक नीट डब्यात भरून ठेवते. मला वाटायचं, असेना का बापडा, आपल्याला काय त्याचं.

एका शनिवारी दुपारी दोघं आले होते. मी चहा टाकत होते. बाहेरून आवाज आला.

"बाबा, एक मागू का? रागावणार नाही ना?"

"मागा की, जावईबापू."

"पुढच्या महिन्यात क्लबची मोठी लढाई आहे आणि या वेळी मैदान मी मांडायचंय. नदी, गाव, पूल असं सगळं हवंय. माझ्याकडे आहेत चपलांची रिकामी खोकी. म्हटलं, तुमच्या रेल्वेतलं थोडं काही मिळालं तर..."

मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा हा गृहस्थ आत होता. खोलीच्या मध्यावर, फळीला पोट टेकवून उभा. आणि त्याच्या दोन्ही हातांत तो लोखंडी पूल होता. जागचा उखडलेला, अधांतरी.

मी तिथेच थांबले. म्हटलं, आता बघा. आता आभाळ कोसळेल. अडतीस वर्षं या दाराबाहेर उभी आहे मी, मला ठाऊक आहे काय होतं ते. मनातल्या मनात मला उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू.

बाबा म्हणाले, "खालून धरा. कठडे नाजूक आहेत."

बस, एवढंच. ट्रेमधल्या कपांची किणकिण झाली तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, सांडेल ते."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरात सगळेच मला ताई म्हणतात, बाबासुद्धा, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते आवडलं नाही. ताई म्हणजे चहा आणणारी. आणि जावईबापू म्हणजे पूल उचलणारा.

तो तेवढ्यावर थांबला नाही. बोलणारी माणसं थांबत नाहीत. "बाबा, हे स्टेशन काय सुरेख आहे हो. याला पडकं करता येईल का? म्हणजे तोफेचा गोळा लागल्यासारखं?"

त्या स्टेशनला बाबांना दोन वर्षं लागली होती. छपरावरची कौलं त्यांनी एकेक कापून बसवली होती, तीनशेच्या वर. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "छप्पर आख्खं निघतं. भिंत मात्र कापावी लागेल." आणि खणातून बारीक करवत काढली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि धाकटीला म्हटलं, "तुझा नवरा बाबांचं स्टेशन कापतोय."

"हो का? बरं झालं, दोघांना काहीतरी विषय मिळाला," ती म्हणाली आणि बिस्किटाचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी तो बाबांना क्लब दाखवायला घेऊन गेला. परत आले तेव्हा बाबांची चालच बदलली होती. जिन्यावरून वर येताना ते बोलत होते. आमचे बाबा जिन्यावर बोलत नाहीत.

"ताई, तिथे सगळे मोजतात," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या खिशात टेप. पायदळ सहा इंच चालतं, घोडदळ बारा. पाव इंचावरून भांडतात माणसं. आणि त्यांच्या अध्यक्षांची टेप दोन मिलिमीटर जास्त दाखवत होती. टोकाची पट्टी सैल झालेली. मी दाखवून दिलं."

"मग? चिडले?"

"टाळ्या वाजवल्या," बाबा म्हणाले. चपला काढून जागेवर सरळ लावल्या आणि पुन्हा म्हणाले, "टाळ्या वाजवल्या त्यांनी."

एकतीस वर्षांच्या नोकरीत चूक काढली म्हणून त्यांना कुणी पाण्याचा पेला विचारला नव्हता. हे मला समजत होतं. समजत होतं म्हणूनच पोटात जास्त दुखत होतं. त्यांना असं खूश करता येतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. दाढ उंच आहे म्हणाले तेव्हा वाजवल्या असत्या.

मग महिनाभर आमच्या घरात लढाईची तयारी चालली. जावईबापू रोज पाच वाजता दत्त म्हणून हजर. रूळ उखडले. रुळांखालची खडी खरवडून ती रस्त्यावर पसरली. मालगाडीचे डबे आडवे करून त्यांचे अडसर केले. चाळीस झाडांचे शेंडे छाटून त्यांचे जळके बुंधे केले. स्टेशनच्या कापलेल्या भिंतीला बाबांनी काळ्या खडूची भुकटी बोटाने चोळली, तर खरंच कुणी आग लावून गेल्यासारखं दिसायला लागलं. दोघं जण फळीवर वाकून बारीक आवाजात बोलायचे, आणि मध्येच बाबा हसायचे. बाबा हसले की मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

धाकटीचा फोन यायचा. "बाबा किती खूश आहेत ना, ताई?"

"आहेत ना."

"मग तू का फुगून बसलीस?"

"मी कशाला फुगू? मला कामं आहेत."

मी फुगले होतेच. माझ्या पद्धतीने मी सगळं बघत मात्र होते, चहाचे कप न्यायच्या-आणायच्या निमित्ताने. एके दिवशी जावईबापूंनी डोंगराचे दगड करायला घेतले. बादलीत पाणी, पाण्यात प्लास्टर, आणि चमच्याने अशी ढवळाढवळ की अंड्याचा फेस करतोय की काय वाटावं. प्लास्टर असं कालवायचं नसतं. सावकाश कालवायचं, भांडं टेबलावर आपटायचं, आतली हवा वर येऊ द्यायची, मग ओतायचं. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलीलाही हे आम्ही पहिल्या तासाला शिकवतो. त्याचे दगड वाळले तेव्हा त्यांना देवीचे वण उठावेत तशी भोकं पडली होती. मी मूग गिळून उभी राहिले. बाबांनी एक दगड उचलला, फिरवून पाहिला.

"छान झालेत," म्हणाले.

मी कप तसेच उचलले आणि बाहेर आले. घरभर फिरले. आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला विचारलं, बाई गं, तुला नक्की काय हवंय? एका सोफेविक्याचा हेवा करतेस? उत्तर सरळ होतं. हो, करते. त्याला छान म्हणाले. मला कधी म्हणाले नाहीत.

आणि मग माझ्या हाती ते लागलं.

लढाईच्या आधीच्या आठवड्यात तो आपले सैनिक घेऊन आला, बाबांना दाखवायला. एक डबा विसरून गेला. बाबा दुपारचे आडवे झाले होते. मी खोलीत गेले, डब्यातला एक सैनिक काढला आणि स्टेशनच्या दाराशी उभा केला. दार त्याच्या छातीपर्यंत आलं.

मी प्रयोगशाळेच्या पिशवीतून माझा मोजायचा कॅलिपर आणला. दार तेवीस मिलिमीटर. सैनिक टोपी आणि पायाखालची चकती धरून चौतीस. कसं झालं असेल तेही माझ्या लगेच लक्षात आलं. रेल्वेवाले प्रमाण सांगतात, सत्त्याऐंशीवा भाग. सैनिकवाले उंची सांगतात, अठ्ठावीस, आणि तीसुद्धा टाचेपासून डोळ्यापर्यंतची. डोळ्याच्या वरचं डोकं, टोपी आणि खालची चकती कुणी धरतच नाही. दोघांनी आपापल्या भाषेत आकडे सांगितले असणार आणि दोघांनी माना डोलावल्या असणार. त्या गावातल्या एकाही घरात त्या सैन्यातला एकही शिपाई वाकूनसुद्धा शिरू शकला नसता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. मी तो सैनिक उचलून डब्यात ठेवला, दार जसं होतं तसं ओढून घेतलं आणि दुपारभर गुणगुणत कपड्यांच्या घड्या घातल्या. अडतीस वर्षं ज्यांच्या नजरेतून अर्धा सेंटिमीटर सुटला नाही त्यांच्या नाकाखालून अकरा मिलिमीटर सुटले होते. कुणापायी, तर लाडाच्या जावयापायी. आता मी बोलायची नव्हते. रविवारी बोलायची होते. सगळ्यांसमोर.

रविवारी मी इस्त्रीची साडी नेसले. बाबांना आश्चर्य वाटलं. "तूही येतेस?"

"येते की. बघू तरी तुमची लढाई."

क्लब म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक लांबट खोली. भिंतीला खुर्च्या लावलेल्या, मध्ये तीन टेबलं जोडून केलेलं एक मोठं मैदान. पंधरा-सोळा माणसं असतील, दोन बायका. अध्यक्ष म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, उंच, किंचित वाकलेले, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. बाबा आत शिरले तर तिघांनी उठून खुर्ची दिली. "या, या, मापवाले बाबा आले." इथे त्यांना टोपणनावही मिळालं होतं.

मैदान मांडलं तसं सगळे गोळा झाले. खरंच सुंदर दिसत होतं. माझं मन कितीही काळं असलं तरी डोळे धड आहेत. नदीवर तो पूल, पुलापलीकडे उजाड गाव, आडवे पडलेले डबे, आणि पार टोकाला ते काजळलेलं स्टेशन. लोक खाली वाकून बघत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. जावईबापू प्रत्येकाला सांगत होता, "सगळं बाबांचं आहे, मी नुसता चमचा." बाबा गालातल्या गालात हसत हात मागे बांधून उभे होते. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

सैनिक मांडून झाले. पहिले फासे पडायच्या आत मी पुढे झाले.

"एक विचारू का?" मी म्हटलं. आवाज मला हवा होता तेवढाच मोठा निघाला. "हे सैनिक त्या स्टेशनात शिरणार कसे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पर्समधून कॅलिपर काढला. दार मोजलं, शिपाई मोजला, आकडे वाचून दाखवले. तेवीस. चौतीस. मागून कुणीतरी खुसकन हसलं. जावईबापूंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अरे, हे माझ्या लक्षातच नाही आलं," तो पुटपुटला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी बाबांकडे बघत होते.

बाबा म्हणाले, "अकरा मिलिमीटर. मोजलंय मी. इथे आलो त्या पहिल्याच दिवशी."

"पहिल्या दिवशी?" जावईबापू म्हणाला. "मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तुम्हाला स्टेशन आवडलं होतं," बाबा म्हणाले. "म्हणून राहू दिलं."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. शिक्षकांना असतो तसा त्यांचा स्वर समजुतीचा होता. "बाई, आमच्यात बरेच जण रेल्वेचं सामान वापरतात. घरं नेहमी लहानच पडतात. म्हणून ती मैदानाच्या टोकाला मांडायची, म्हणजे लांबची वाटतात. पुलाला, दगडमातीच्या ढिगाऱ्याला, झाडाला दार नसतं, ती कुठेही चालतात. शिपाई दाराला टेकला की तो आत गेला असं धरायचं. तुमच्या बाबांनी बरोब्बर टोकालाच ठेवलंय बघा."

बघितलं मी. टोकालाच होतं. आणि फासे पडले, आणि लोक मला विसरले.

मी भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. लाज वाटत होती म्हणाल तर वाटत होती, पण ती फार नव्हती. जळफळाट जास्त होता. चूक सुटली असती तर मला चाललं असतं. चूक सुटली नव्हती. ती दिसली होती, मोजली होती, आणि राहू दिली होती. आमच्या घरात राहू देण्याची सोय आहे हे मला या वयात कळत होतं. अडतीस वर्षं मला वाटत होतं, या माणसाला ते जमतच नाही, स्वभावच तसा. आणि जमत होतं की. जावयासाठी जमत होतं.

तीन तास लढाई चालली. कोण जिंकलं मला ठाऊक नाही.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. जावईबापूंनी खोकी वर आणून दिली, माझ्याकडे न बघता "येतो, ताई," म्हणाला आणि गेला. बाबा मागच्या खोलीत एकेक वस्तू बाहेर काढून पुसत बसले. मी पदर खोचून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मला कधी राहू दिलं नाहीत तुम्ही."

"काय?"

"काहीच. झाड नाही, दाढ नाही. त्याचे दगड बघवत नाहीत, नुसती भोकं आहेत, आणि तुम्ही छान म्हणालात. मी ऐकलं."

बाबांनी फडकं बाजूला ठेवलं. "दगड वाईटच आहेत," ते म्हणाले. "पण जावईबापू खेळतात. खेळणाऱ्याचं काय धरायचं? तू खेळत नव्हतीस. तुझं काम होतं. कामातली चूक सांगायला नको?"

"फक्त चूकच?"

"बाकी बरोबर असायचं. बरोबर असलेलं काय सांगायचं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. दुकानदाराचा काटा बरोबर असेल तर ते शिक्का मारून पुढच्या दुकानात जायचे, दुकानदाराला मिठी मारत नसत. "ताई, तू आज मुद्दाम बोललीस का ते?"

"हो."

"मला खाली बघायला लावायला?"

"हो."

त्यांनी बाजूला ठेवलेल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "का?"

"तुम्ही त्याला आत घेतलंत. मला अडतीस वर्षं बाहेर ठेवलंत. मी जळते त्याच्यावर, बाबा. रोज जळत होते, महिनाभर. तुमच्या चहात मीठ घालावं असं वाटायचं मला."

हे बोलताना मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे.

"मला दिसलं नाही हे," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. समजूत घातली नाही, जवळ घेतलं नाही. पण मी त्यांच्या तोंडून हे वाक्य आधी कधी ऐकलं नव्हतं, कुठल्याच बाबतीत.

मग त्यांनी खोक्यातला एक दगड काढून माझ्या हातात दिला. "हा तू कसा केला असतास?"

मी सांगितलं. डोळे पुसत पुसत सांगितलं, पण सगळं सांगितलं. पाणी किती, प्लास्टर कधी, भांडं कसं आपटायचं, ओल्यातच कडा कशा मोडायच्या, म्हणजे दगड फुटल्यासारखा दिसतो, कापल्यासारखा नाही. बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी फोन उचलला.

"जावईबापू, पोचलात का? एक सांगायचंय. तुमचे दगड काही खरे नाहीत. पुढच्या वेळी ताई करेल." पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं आलं. मला हवं होतं की त्याला वाईट वाटावं. थोडंसं का होईना, झोंबावं.

बाबांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"पहिल्या दिवसापासून तुला विचारायचं होतं म्हणाले. धाकटीलाही बोलले होते. धीर झाला नाही."

"कसला धीर?"

"तुझी भीती वाटते त्यांना," बाबा म्हणाले.

ज्याच्यावर महिनाभर जळले तो माणूस महिनाभर माझ्या दारात घुटमळत होता, आणि मला वाटत होतं त्याला जगात काही मागायची भीती नाही. वर त्याला झोंबलंही नव्हतं. खूश झाला होता. याच्यावर धड जळतासुद्धा येऊ नये, म्हणजे कमालच झाली.

"प्लास्टर उद्या प्रयोगशाळेतून आणते," मी म्हटलं. "किती लागेल?"

बाबांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं, नदीचा काठ यायचा त्या कडेला, डोंगर यायचे त्या मोकळ्या जागेकडे. मी थांबले. आकडा येणार हे मला ठाऊक होतं, आणि तो बरोबर असणार हेही.

"तूच ठरव," ते म्हणाले.

मी चार किलो म्हटलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ते काही बोलले नाहीत, फडकं उचलून पूल पुसायला लागले.